गाडीवरून न उतरता गजरा

वसई (पश्चिम), एप्रिल

...तर आत्या, फोन जिथे कट झाला तिथूनच पुढे सांगतो. आणि तो कट झाला नव्हता, मी केला होता, कारण आई नथूमामाकडून कळ्यांची पाटी घेऊन जिना चढत होती आणि मी जे सांगत होतो ते तिच्यासमोर सांगण्यासारखं नव्हतं. तुला वाटलं असेल नेटवर्क गेलं. वसईत काहीही नेटवर्कवर ढकलता येतं.

थांब, जे पहिल्या ओळीत करायचं असतं ते आधी करून घेतो. तीर्थस्वरूप आत्यास विघ्नेशचा साष्टांग नमस्कार. (तीर्थरूप फक्त आईवडिलांना आणि बाकी मोठ्यांना तीर्थस्वरूप, हे मला बेकरीवाल्या निकोलस अंकलनी सांगितलं. मी बारा वर्षं कॉन्व्हेंटमध्ये काढली आणि मराठी पत्राचा मायना मला पाव विकणाऱ्या कॅथलिक माणसाने शिकवला. ते त्यांच्या चर्चच्या मासिकात लिहितात म्हणे.) काकांनाही नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? काकांची शुगर? कुडाळला आंबा आला का, की यंदाही फक्त फोटोच पाठवणार? सिद्धेशदादाला मुलगी पसंत पडली का, की मुलीला सिद्धेशदादा पडायचा बाकी आहे? आम्ही इकडे बरे आहोत. म्हणजे तब्येतीने बरे आहोत.

तू म्हणशील फोन असताना पत्र कशाला. कारण असं आहे की आईचे दोन्ही हात कायम फुलांत असतात, त्यामुळे आमच्याकडचा प्रत्येक फोन स्पीकरवर असतो. तू मागे सिद्धेशदादाला पाहायला आलेल्या मुलीच्या नाकाबद्दल जे बोललीस ते निकोलस अंकल, त्यांचं गिऱ्हाईक आणि एक रिक्षावाला, असं सगळ्यांनी ऐकलं. मेसेज करावा तर तुझा फोन काका उचलतात आणि मोठ्याने वाचून दाखवतात. पत्राचं कसं, ते फॉरवर्ड होत नाही.

आता दुकानाचं. तू आमचं दुकान शेवटचं पाहिलंस ते बाबा गेले तेव्हा, आणि तेव्हा ते बंद होतं. संध्याकाळी चालू असताना तू ते कधी पाहिलंच नाहीस, म्हणून तुझी समजूत अशी झाली आहे की आई फुलं विकते. फुलं तर नथूमामाही विकतो. इथल्या होळी भागातल्या त्याच्या वाडीतला मोगरा पहाटे खुडून दादरला जातोच. आई फुलं विकत नाही, ती माळून देते. हे नीट सांगायला पाहिजे कारण पुढचं सगळं यावर आहे.

स्टेशन रोडवर बेकरीला लागून जिन्याखालची ती जागा आठवते ना, जिथे उभं राहिलं की डोकं आपटतं? तिथे संध्याकाळी पाच-साडेपाचला सुरू व्हायचं. स्कूटर येते, नवरा एक पाय जमिनीवर टेकतो, इंजिन चालूच. मागे बसलेली बाई फक्त मान वळवते. आई मनगटावर गजऱ्यांचा ढीग आणि दातांत दोन पिना धरून बाहेर येते, अंबाड्याला हात लावते, गजरा फिरवते, पिन, पिन, निघा. मागचा रिक्षावाला हॉर्न वाजवायला बोट उचलतो तोपर्यंत गाडी पुढे गेलेली असते. कोणीही उतरत नाही. उतरायचंच नाही, तीच पद्धत. पैसे नवऱ्याने हँडलपाशी धरलेल्या डब्यात टाकायचे. (डबा घेऊन हँडलपर्यंत जायचं काम माझं. मी बीएमएसच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि माझ्या सीव्हीत याला 'कस्टमर इंटरफेस' म्हटलेलं आहे.) मी अशा कितीतरी बायकांना वर्षानुवर्षं ओळखतो ज्यांचे मी फक्त अंबाडे पाहिलेत. चेहऱ्याने समोर आल्या तर ओळखायचा नाही.

आणि त्या बोलायच्या, आत्या. पाठ करून बसलेलं माणूस काहीही बोलतं. काकी, उद्या पोराची परीक्षा. काकी, आज ऑफिसात रडले. एक संपदाताई आहे, अंधेरीला कामाला, नवरा तिला स्टेशनवर घ्यायला येतो. दोघांचं भांडण झालेलं असलं की ती फक्त एवढंच म्हणायची, "काकी, आज घट्ट बांधा." मग आई पिन लावताना तिच्या नवऱ्याकडे असं बघायची की तो बिचारा आरशात स्वतःचे केस नीट करायला लागायचा. आई स्वतः काही बोलायची नाही. दातांत पिना असायच्या ना.

तर मार्चमध्ये बोर्ड लागला. संध्याकाळी पाच ते नऊ, दोन्ही बाजूंना गाडी उभी करायची नाही, थांबवायचीही नाही. गाड्यांसाठी नाल्यापलीकडच्या मैदानात पे अँड पार्क. खरं सांगायचं तर बोर्ड लावणाऱ्यांना मी दोष देणार नाही. तो रस्ता संध्याकाळी रस्ता राहिलेलाच नव्हता. मागे एक ॲम्ब्युलन्स आमच्यासमोर अडकली होती आणि आत कोणाची तरी आई होती, ते मी पाहिलंय. आणि मी तर बोर्डाच्या बाजूचाच होतो. कॉलेजचा माझा प्रोजेक्टच मुळी चालण्याजोग्या रस्त्यांवर आहे. परदेशात एका गावाने मार्केटमधून गाड्या काढल्या आणि दुकानांचा धंदा वाढला, असा एक व्हिडिओ आहे, तो मी आईला दोनदा दाखवला. पहिल्यांदा तिने पाहिला. दुसऱ्यांदा पाहून विचारलं, "तिकडे गजरे घालतात?"

पहिल्या संध्याकाळी, आत्या, रस्ता इतका सुंदर दिसत होता की काय सांगू. मोकळा, सगळ्या दुकानांचे दिवे लागलेले, किल्ल्याकडून खाडीचा वारा येतोय. आणि कोणीही नाही. निकोलस अंकल दारात येऊन उभे राहिले. आत गरम पाव होता, त्याचा वास रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला जात होता, पण तो घ्यायला तिथे कोणी नव्हतं. ते म्हणाले, "विघ्नेश, समोर फूटपाथ आहे हे मी आज पहिल्यांदा बघतोय. चांगला आहे." मग थोडा वेळ ते फूटपाथच बघत राहिले.

कारण असं की नाल्यापलीकडे गाडी लावायची, तिथून दहा मिनिटं चालत यायचं, गजरा घ्यायचा आणि परत चालत जायचं, आणि पार्किंगची पावती गजऱ्यापेक्षा महाग, एवढं कोण करेल? पाव तरी पोटाला लागतो. गजरा ही अशी गोष्ट आहे की रस्त्यात दिसला तर हवासा वाटतो, नाहीतर आठवतही नाही. आणि मोगऱ्याची कळी उद्यापर्यंत थांबत नाही. संध्याकाळी ती मिटलेली असते, तेवढीच तिची वेळ. मी नथूमामाला म्हटलं, मामा, पाटी थोडी उशिरा पाठवता येईल का? तो म्हणाला, "भाच्या, फुलाला थांब म्हनून सांगायची भाषा तुझ्या इंग्लिश शाळेत शिकवली असंल तर सांग, मी पन शिकतो." उरलेले गजरे आई घरी आणते. सकाळी उठलं की सगळ्या घराला लग्नाच्या हॉलसारखा वास येतो, आणि हॉलमध्ये आम्ही दोघंच.

आता टोइंग व्हॅन. तिच्यावर डेरिक आहे. डेरिकच्या लग्नाची गाडी आईने सजवली होती, त्यामुळे तो आईला फार मानतो, आणि त्यामुळे त्याचं फार अवघड झालंय. बाकी सगळ्यांच्या दुकानांसमोर तो माइकवरून नुसता नंबर पुकारतो. आमच्यासमोर आला की सगळ्या स्टेशन रोडला ऐकू जातं, "मनोरमाकाकी, सॉरी हां, तुमचं गिऱ्हाईक हलवा, नायतर मला उचलावं लागेल. काकी, वाईट नका वाटून घेऊ." मग आई त्याला हातानेच म्हणते, उचल बाबा, तुझं काम आहे. आणि नऊ वाजता ड्युटी संपली की तोच येऊन उरलेले हार घेऊन जातो, त्यांच्या आळीतल्या क्रूसाला घालायला. पैसे देऊन. आई घेत नाही म्हटली की डब्यात टाकून पळतो. त्या क्रूसावर आता एवढे हार झालेत की फादरनी त्याला विचारलं म्हणे, डेरिक, तुझं काही पाप वगैरे झालंय का?

मी गप्प बसणारा मुलगा नाही हे तुला माहीत आहे. मी विचार केला की लोक चालत येणार असतील तर चालून दमणार, दमले तर बसायला पाहिजे. म्हणून मी घरातल्या दोन प्लास्टिकच्या खुर्च्या दुकानाबाहेर मांडल्या, 'या, बसा' असं मराठी आणि इंग्लिशमध्ये लिहिलं, आणि एक आरसा लावला. दुसऱ्या दिवशी व्हॅन आली. डेरिकचा त्या दिवशी ऑफ होता. नव्या माणसाने खुर्च्या उचलल्या, दोन्ही, हुकाला एकाच वेळी लावून, आणि त्या वरात निघाल्यासारख्या झुलत झुलत स्टेशन रोडवरून गेल्या. मी त्या सोडवायला मैदानात गेलो. तिथल्या माणसासमोर प्रश्न पडला की खुर्चीची पावती कशी फाडायची, कारण त्याच्याकडे दुचाकी, तीनचाकी आणि चारचाकी एवढंच छापलेलं होतं. तो म्हणाला, पाय चार आहेत म्हणजे चारचाकी. मी म्हटलं, चाकं एकही नाही. त्यावर त्याने शांतपणे विचारलं, "मग इथपर्यंत आली कशी?" शेवटी दोन खुर्च्यांची मिळून एक दुचाकी झाली. आईला सांगितलं तर ती खूप दिवसांनी हसली, म्हणून मी ती पावती फुकट गेली असं मानत नाही.

मग मी दुसरी आयडिया केली. बोर्डाची हद्द जिथे संपते तिथे कोपऱ्यावर स्पीड ब्रेकर आहे, तिथे गाड्या स्लो होतातच. मी गजरे काठीला अडकवून तिथे उभा राहिलो. गाडी न थांबता गजरा, अशी कन्सेप्ट. (निकोलस अंकल म्हणाले, टोलनाका. मी म्हटलं, ड्राइव्ह-थ्रू.) पहिला गजरा एका माणसाने तोंडात धरला कारण त्याचे हात हँडलवर होते. दुसरा एकाच्या आरशात अडकला आणि तसाच विरारच्या दिशेने गेला. तिसऱ्या गाडीवरची बाई म्हणाली, अरे पण लावणार कोण? तिच्या एका हातात मूल होतं, दुसऱ्या हातात डबा. आणि मी, आत्या, मी मनापासून, अगदी सर्व्हिसच्या भावनेने विचारलं, "मी लावू का?" तेवढ्यात तिच्या नवऱ्याने गाडी बोर्डाच्या हद्दीतच स्टँडला लावली. म्हणजे इतक्या दिवसांत कोणीतरी पहिल्यांदा प्रॉपर पार्किंग केलं. तो उतरून माझ्याकडे येतोय, बाई मूल घेऊन उतरून त्याला सांगतेय, अहो, लहान आहे तो, आणि मागून डेरिकचा आवाज, "ॲक्टिव्हावाले, सॉरी हां." आम्ही तिघांनी वळून पाहिलं तर गाडी हवेत. तो माणूस एवढा गोंधळला की मला मारायचं विसरून व्हॅनच्या मागे पळाला. मी आणि ती बाई आणि ते मूल तिथेच उभे. मुलाने काठीवरचा एक गजरा खाल्ला. थोडासा.

त्यानंतर आईने मला कोपऱ्यावर जायला बंदी केली.

पण आत्या, इथपर्यंतचं मी तुला फोनवरही सांगू शकलो असतो. यानंतरचं सांगता येत नव्हतं.

माझ्या व्हिडिओत म्हटलं होतं तसं हळूहळू लोक चालत यायला लागले. खरंच आले. जवळच्या सोसायट्यांतल्या बायका, संध्याकाळी फिरायला निघालेल्या. रस्ता मोकळा, लाइट चांगले, घाई कोणालाच नाही. मला वाटलं, जमलं. एक बाई येऊन खुर्चीवर बसली, आरशासमोर. आईने केसांत हात घातला, पिना दातांत, गजरा अर्धा फिरवलेला. बाई आरशात स्वतःला बघत होती. मग तिची नजर वर आईकडे गेली. आधी कपाळावर, मग गळ्यावर. तिने अगदी गोड आवाजात विचारलं, "काकी, तुमचे मिस्टर...?" आईने पिना काढून हातात घेतल्या आणि म्हणाली, "नाहीत. दोन वर्षं झाली." ती बाई म्हणाली, "अगं बाई. सॉरी हं." मग म्हणाली, "असं करा ना, पुडीतच द्या. माझं काही नाही हो, घरी सासूबाई आहेत."

आईने अर्धा फिरवलेला गजरा उलटा सोडवला, पानात बांधला, दोरा गुंडाळला आणि दिला. म्हणाली, जपून न्या, पोचेपर्यंत उमलतील.

दुसऱ्या दिवशी आणखी एक. मग आणखी एक. कोणीही वाईट वागलं नाही, आत्या, हेच तर आहे. सगळ्यांचे आवाज गोड आणि सगळ्यांच्या घरी सासूबाई. वसईत एवढ्या सासवा आहेत हे मला माहीत नव्हतं. एकीला मी म्हटलं, तुमच्या सासूबाईंना घेऊन या, मी बोलतो त्यांच्याशी. आईने मला टेबलाखालून असा चिमटा काढला की अजून निळं आहे.

मग माझ्या लक्षात आलं की दोन वर्षं हे का झालं नाही. बाबा गेल्यावर महिनाभरातच आई परत दुकानात बसली होती, आणि त्याच बायका त्याच गाड्यांवरून येत होत्या. पण त्यांची पाठ असायची. इंजिन चालू, मागे हॉर्न, पुढे नवऱ्याची कटकट, ट्यूशनहून आणायचं पोर. आईचा गळा बघायला कोणाला वेळ होता? ज्यांना माहीत होतं त्यांनाही विचारात पडायला वेळ नव्हता. मान वळवली, पिन, पिन, निघा. आता रस्त्यावर सगळ्यांना भरपूर वेळ आहे. मला माझ्या प्रोजेक्टमध्ये हे कुठल्या हेडिंगखाली लिहायचं ते कळत नाहीये.

जुन्या गाडीवाल्या बायका अजून तिथूनच जातात. संपदाताई परवा चालत्या गाडीवरून ओरडली, "काकी, येते हां एक दिवस." नवऱ्याने गाडी स्लो केली, डेरिकने तोंड फिरवलं, अगदी मुद्दाम, पण मागून दुसरी गाडी आली आणि त्यांना जावं लागलं. आई गजरा हातात घेऊन फूटपाथच्या कडेपर्यंत गेली होती. तशीच परत आली.

आता ती कोणी विचारायच्या आधीच पुडी बांधते. बाई समोर आली की पान उचलते. खुर्च्या तिने स्वतःच आत घेतल्या, म्हणाली उन्हाने खराब होतात. संध्याकाळी कसलं ऊन?

आणि परवा तिने जाहीर केलं की एक तारखेपासून ती कामणला जाणार. आमच्या खालच्या मजल्यावरची ब्रिटनी तिथे एका गोडाऊनमध्ये सुपरवायझर आहे. सामान खोक्यांत भरायचं, टेप लावायची. सकाळी बस येते. आईने ब्रिटनीला हो सांगून टाकलंय, नथूमामाला कळवलंय की पाटी बंद कर, सगळा मोगरा दादरलाच पाठव. मी खूप बोललो. मी म्हटलं, तू आयुष्यभर फुलात काम केलंस, तिथे दिवसभर पुठ्ठा. ती म्हणाली, "पुठ्ठ्याला मी चालते." मग माझं तोंड बघून तिलाच वाईट वाटलं असेल, म्हणून म्हणाली, "आणि तिथे पार्किंगचा प्रॉब्लेम नाही. ट्रकच्या ट्रक उभे असतात." मी हसलो. ती पण हसली. मग ती आत गेली आणि बराच वेळ नळ चालू होता.

तर हे असं आहे. मी एक अर्ज तयार केलाय की आमच्या रस्त्यावर चार-पाच ठिकाणी फक्त दोन मिनिटं थांबायची जागा आखून द्यावी, पिवळ्या पट्ट्याची. ॲम्ब्युलन्सही जाईल आणि गजराही. त्यावर निकोलस अंकलनी सही केली आहे, बांगड्यांच्या जागृतीबेननी केली आहे. डेरिक म्हणाला, मी सही केली तर नोकरी जाईल पण अंगठा चालेल का? काकांचे एक मित्र मंत्रालयात होते ना, जे तुमच्याकडे गणपतीला येऊन खूप मोदक खातात? त्यांना विचारून बघ अर्ज कोणाला द्यायचा. बाकी सर्व क्षेम. आंबे पाठवलेस तर कच्चे पाठव, इथे उन्हाळा फार आहे. काकांना, सिद्धेशदादाला आणि ज्या कोणी मुलीने त्याला पसंत केलं असेल तिला माझा नमस्कार. मोठ्यांच्या पायावर डोकं ठेवतो.

तुझा,
विघ्नेश रमेश

ता. क. या पत्राबद्दल फोनवर काही बोलू नकोस. स्पीकरचं सांगितलंच आहे. पत्र मिळालं की फक्त "विघ्नेश, अभ्यास चाललाय ना?" एवढं विचार, मी समजून घेईन. (अभ्यास चाललेला नाही.)

ता. क. २. मोदकवाल्या काकांना त्रास देऊ नकोस. अर्ज माझा मी देईन, आणि पट्टा मिळेल किंवा मिळणार नाही. उद्या तो बोर्ड उपटून नेला तरी मला हे पत्र लिहावंच लागलं असतं. बाबांच्या वर्षश्राद्धानंतर तू आईला फोनवर म्हणालीस ते मी ऐकलं होतं (स्पीकर). तू काळजीनेच म्हणालीस हे मला कळतं. तू म्हणालीस, "मनोरमा, देवाचे हार कर, ते ठीक आहे, पण आता सवाष्णीच्या केसांना हात लावू नकोस, लोक तुला बोलतील आणि मला ते ऐकवणार नाही." आई म्हणाली, होय ताई. आणि ते होय खोटं होतं, आत्या. त्याच संध्याकाळी तिने नेहमीएवढेच गजरे माळले. तेव्हापासून वर्षभर ती तुला होय म्हणत आली आणि माळत आली. तिला राग येईल मी हे सांगितलं तर, पण सांगतो, कारण आता ती पान उचलताना मला म्हणते, "ताई म्हणत होत्या तेच बरोबर होतं." पार्किंगवाल्यांना मी हरवू शकतो. तुझ्याशी मी कसा भांडू? ती दुसऱ्या कोणाचं ऐकत नाही. बाबांच्या नंतर ती फक्त तुझं ऐकते, म्हणजे वरवर होय म्हणते, पण मनात धरते.

म्हणून खरं काम हे आहे. एक तारखेच्या आत तू एकदा वसईला ये. गुडघा दुखत असेल तर मी तुला स्टेशनातून रिक्षाने नाक्यापर्यंत आणेन, पुढे माझा हात धरून ये. संध्याकाळी ये, जेव्हा त्या सगळ्या बायका फिरायला निघतात. मी खुर्ची बाहेर मांडतो, उचलली तर उचलू दे. तू सगळ्यांसमोर त्या खुर्चीत बस आणि आईला म्हण, मनोरमा, माळ. तुला तुझ्या परसातल्या अबोलीचा अभिमान आहे, माहीत आहे मला, पण एक दिवस मोगरा चालेल. तुझ्या कपाळावर एवढं मोठं कुंकू असतं की ते नाल्यापलीकडून दिसतं. तू बाबांची मोठी बहीण. तुझ्या केसांना तिचा हात लागला तर कोणाच्या सासूबाईंचं काय राहिलं?

ता. क. ३. आई आत्ता दारातून विचारून गेली, एवढं काय लिहितोयस? मी म्हटलं, पार्किंगची तक्रार. ती म्हणाली, त्यात बिचाऱ्या डेरिकचं नाव घालू नकोस, आणि गेली पुडीची पानं पुसायला. मी तुला घाई करत नाही, आत्या. तू लहानपणापासून जे पाळत आलीस ते मी चार पानांच्या पत्राने सोड म्हणतोय, तेही असलं मराठी लिहून. मनात नसताना फक्त माझ्यासाठी येऊ नकोस, ती हात लावताच ओळखेल. पण तू खरं सांग, तुला स्वतःला काय वाटतं, तिने तुझ्या केसांत गजरा माळावा की तुलाही तो पुडीतच बांधून द्यावा?